ग्रंथसूची आणि साहित्याभ्यास : बंगळूरच्या विद्यापीठाकडून एक अपेक्षा

साहित्याचा इतिहासकार जे ग्रंथ सापडतात त्यांचाच इतिहास लिहितो. जे सापडत नाहीत ते त्याच्या दृष्टीने न लिहिल्यासारखेच होत. ग्रंथाचे हे सापडणे वा न सापडणे ज्या शास्त्रावर अवलंबून आहे, त्या ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययनाचे एक प्रमुख पीठ बंगळूर येथे आहे. असे असूनही भारतीय भाषांच्या साहित्याचे अभ्यासक या अध्ययनाकडे परक्या शाखेचा विषय म्हणून पाहतात, आणि त्या शाखेचे अध्यापकही साहित्याला आपल्या पाठ्यक्रमात फारसे स्थान देत नाहीत. ही परस्पर उदासीनता दोन्ही विद्यांना महाग पडत आहे.

वस्तुतः या देशातील ग्रंथपालनशिक्षणाचा आरंभ देशभाषांच्या सान्निध्यात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला. पुढील वर्षी त्याच संस्थानातून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी विभागही होते. ज्या वाचकासाठी ग्रंथालय काढावयाचे, त्याच्या भाषेतच त्या शास्त्राची चर्चा झाली पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती.

बंगळूरची परंपरा वेगळ्या गरजेतून उगवली. तंजावर जिल्ह्यात १८९२ मध्ये जन्मलेले शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले व १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. आयुष्याच्या उत्तरकाळी ते बंगळूरला स्थायिक झाले. तेथे १९६२ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली त्यांनी ‘डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर’, म्हणजे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र, स्थापन केले. १९०९ पासून विज्ञानसंस्था आणि १९४० पासून विमानांचा कारखाना असलेल्या या नगरात प्रयोगशाळा व उद्योग यांना ताजी वैज्ञानिक माहिती वेळेवर पुरविणारा कुशल वर्ग हवा होता. तो या केंद्राने घडविला. पुढे संगणक आला, तेव्हा सूचीकरण आणि माहितीची पुनःप्राप्ती या विषयांत रंगनाथनांच्या शिष्यांनी जे कार्य केले त्याची दखल परदेशांतही घेतली गेली. या कार्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. प्रश्न एवढाच की, विज्ञानाच्या लेखांसाठी जी सूक्ष्मता या शास्त्राने कमावली, ती ज्ञानेश्वर, बसवेश्वर आणि कंब यांच्या वाङ्मयाच्या वाट्याला किती आली?

रंगनाथनांच्या स्वतःच्या पद्धतीत साहित्याला उपेक्षेचे स्थान नव्हते, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० पासूनची एक सबंध दशी मिळते. मराठीला मात्र ८९१.४६ अशा आडवळणाच्या अंकावर समाधान मानावे लागते. द्विबिंदू पद्धतीत प्रथम भाषा, मग वाङ्मयप्रकार, मग लेखकाचे जन्मवर्ष आणि शेवटी कृती असा क्रम असून तो सर्व भाषांना सारखाच लागू होतो. शेक्सपियरचा जन्म १५६४ चा, हरि नारायण आपटे यांचा १८६४ चा. दोघांच्याही चिन्हांकनात चौसष्ट हा अंक येतो; बदलतात ती भाषा, वाङ्मयप्रकार व शतक यांची चिन्हे. दोन साहित्यांना एका मापाने मोजणारी इतकी निःपक्षपाती व्यवस्था दुसरी क्वचितच आढळेल.

तथापि या व्यवस्थेची खरी कसोटी पुढेच लागते. तुकारामांचे जन्मवर्ष कोणते? अभ्यासकांनी १५९८ आणि १६०८ ही दोन्ही वर्षे सांगितली आहेत. पहिले मानले तर शतकाचे चिन्ह एक, दुसरे मानले तर दुसरे. म्हणजे संशोधनातील एका वादावर गाथेचे फडताळातील स्थान अवलंबून राहणार. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळलेली आहे. मग तालिकेत कर्ता कोण म्हणून लिहावयाचा? विभावरी शिरूरकर, बाळूताई खरे आणि मालतीबाई बेडेकर ही तीन नावे एकाच लेखिकेची आहेत, आणि गोविंदाग्रज व बाळकराम हे दोघेही राम गणेश गडकरीच आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या तालिकेत एका लेखकाचे अनेक लेखक होतात. या प्रश्नांची उत्तरे वर्गीकरणाच्या नियमांत नाहीत. ती साहित्याच्या अभ्यासात आहेत.

संगणकाने या अडचणी मिटविल्या, असे समजणे भाबडेपणाचे होईल. किंबहुना त्याने काही अडचणी अधिक उघड्या केल्या आहेत. बंगळूरचे केंद्र ज्या वर्षी स्थापन झाले त्याच १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार, व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा नसोत, त्यामुळे गेले. ‘गांव’ चे ‘गाव’ झाले, ‘नांव’ चे ‘नाव’ झाले. वाचकाला या रूपांत भेद वाटत नाही. यंत्राला मात्र ती भिन्न अक्षरमाला दिसते. नव्या लेखनाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यास एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ म्हणूनच सहजी हाती लागत नाहीत.

लिपीचाही प्रश्न आहेच. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याच्या आधारे कोलकात्याहून १९५८ पासून निघू लागलेल्या भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीने सर्व भाषांतील नोंदी रोमन लिपीत दिल्या. अनेक लिप्यांच्या देशात तो एक व्यवहार्य मार्ग होता. परंतु रोमन अक्षरांखालची टिंबे आणि वरच्या रेघा गळाल्या की काळे आणि काले, काणे आणि काने एक होऊन जातात. मराठी ग्रंथसूचीकार दाते यांचे आडनाव तर इंग्रजी वाचकाला तारखेचा वाचक असा शब्दच वाटावा.

या दात्यांचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची जवळजवळ एकहाती सिद्ध केली. मराठी साहित्याच्या संशोधकाचे पाऊल आजही तिच्यावाचून पुढे पडत नाही. एका व्यक्तीच्या निष्ठेवर एका भाषेच्या दीडशे वर्षांच्या ग्रंथसंपदेची स्मृती उभी राहावी, हे त्या व्यक्तीला भूषणावह आहे. विद्यापीठांना खचितच नाही. जे काम संस्थेने, प्रशिक्षित विद्यार्थ्यांच्या पिढ्यांकरवी, अखंड करावयाचे, ते व्यक्तीच्या आयुर्मर्यादेवर सोपविता येत नाही.

म्हणून बंगळूरच्या पदव्युत्तर अध्ययनाकडून दोन अपेक्षा करणे गैर ठरू नये. पहिली अशी की, भारतीय भाषांतील ग्रंथसूचीविद्या हा तेथे स्वतंत्र आणि भरीव अभ्यासविषय असावा, आणि विद्यार्थ्यांनी आपल्या मातृभाषेतील प्रत्यक्ष ग्रंथसंग्रह घेऊन प्रबंध लिहावेत. निरनिराळ्या प्रांतांतील लोक ज्या नगरात एकत्र आले आहेत, तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी जाणणारे विद्यार्थी एका वर्गात बसू शकतात. लिप्यंतर, नामभेद आणि लेखनभेद यांचा तुलनात्मक अभ्यास करण्यास याहून योग्य स्थळ सापडणे कठीण. दुसरी अपेक्षा अशी की, साहित्याच्या पदवीधरास त्या शास्त्राकडे आवर्जून बोलवावे. पदवीपुरता प्रवेश खुला असणे पुरेसे नाही.

जबाबदारी अर्थात एकाच पक्षाची नाही. साहित्याचे विभाग टीकेला संशोधन म्हणतात. सूचीला मात्र कारकुनी मानतात. एखाद्या विद्यार्थ्याने एका नियतकालिकाची साक्षेपी लेखकसूची व विषयसूची केली, टोपणनावे उलगडली, अंकांच्या तारखा निश्चित केल्या, तर त्या श्रमांस पदवीयोग्य संशोधन म्हणून मान्यता मिळाली पाहिजे. ती मिळत नाही तोवर बुद्धिमान विद्यार्थी या कामाकडे वळणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप उपजीविकेचा. संगणकविद्या शिकलेल्यास नोकरी मिळते, सूचीकारास कोण विचारतो? परंतु येथे संगणकविद्या वगळावी असे कोणी म्हणत नाही. लेखनभेद ओळखणारी शोधव्यवस्था रचण्यास तीच लागते, फक्त तिच्या जोडीला भाषेचे ज्ञान हवे. दुसरा आक्षेप असा की, यंत्र आता ग्रंथातील शब्दन् शब्द शोधते, मग सूचीची गरज काय? शब्द सापडणे आणि ग्रंथ ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. कोणती आवृत्ती, कोणाची रचना, कोणत्या मूळ ग्रंथाचे रूपांतर, याचा निर्णय यंत्र आपण होऊन करीत नाही; जाणत्याने केलेला निर्णय ते फार तर वेगाने पोहोचविते. आणि ज्या जीर्ण मराठी पुस्तकाची पाने अद्याप यंत्रापुढे आलेलीच नाहीत, त्याला सूचीतील नोंदीवाचून दुसरा आधार कोणता?

प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा रंगनाथनांच्या तिसऱ्या नियमाचा आशय आहे. वैज्ञानिक लेखाच्या बाबतीत बंगळूरने तो कसोशीने पाळला. भारतीय भाषांतील ग्रंथांच्या बाबतीत तो पाळावयाचा तर ग्रंथालयशास्त्राच्या आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एका मेजाशी बसून एकच नोंद मिळून लिहावयास शिकले पाहिजे. कोणत्याही अभ्यासमंडळाला पुढील वर्षीच्या पाठ्यक्रमात एका अभ्यासपत्रिकेने याचा आरंभ करता येईल.