परक्याच्या रानात विहीर

मी झरीचा. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या गावात कुणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विहीर खोदत नाही. ग्रंथालय-शिक्षणाचं भविष्य आभासी जगात आहे असं सांगत फिरणाऱ्यांना एवढंही कळू नये?

मागे एका प्रशिक्षणात माझ्या डोळ्यांवर हेडसेट बांधला. समोर संगमरवरी ग्रंथालय उभं राहिलं. हात हलवला की कपाट उघडायचं. पुस्तकांना पाठी होत्या, आत पानं नव्हती. शेजारी खेड्यापाड्यांतले ग्रंथपाल बसलेले. वर्गीकरण कसं करायचं, जुन्या अंकांना वाळवीपासून कसं वाचवायचं, हे विचारायला ते एसटीनं आले होते. त्यांचा अख्खा दिवस त्या देखाव्यात गेला. त्याची चीड मला अजून आहे.

आणि हे आभासी शिक्षण नवं आहे म्हणतात, तेही खोटं. ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग २००३ सालचं. अमेरिकेतल्या सान होजे स्टेट विद्यापीठानं ग्रंथालयशास्त्र शिकवायला तिथं ‘बेट’, म्हणजे आभासी जमिनीचा तुकडा, घेतलं होतं. लांबलांबचे विद्यार्थी एका वर्गात बसल्यासारखे भेटत. तो फायदा खरा होता, मी नाकारत नाही. पण जमीन होती लिंडन लॅब या कंपनीची. शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत तिनं जानेवारी २०११ पासून काढून घेतली. भाडं दुप्पट झालं आणि कित्येक संस्थांनी बेटं सोडली. २०१३ मध्ये सवलत परत दिली, पण उठून गेलेल्यांचं काय? आमच्याकडच्या कुळांना निदान कूळकायदा होता.

आमच्या भागाला वाचनालयाची किंमत कुणी शिकवायला नको. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ या फर्मानानं साधी सभा घ्यायलाही परवानगी लागायची; त्या काळात मराठी वाचनालयं लोकांनी वर्गणी काढून जगवली. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. पुढं १९६७ चा ग्रंथालय कायदा आला, अनुदान आलं. मग २०१२ च्या ग्रंथालय-पडताळणीनंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं अडकून पडली. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं. तरीही सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाचं ग्रंथालय सांभाळणाऱ्याचं घर त्यात चालत नाही. संध्याकाळी कुलूप उघडणारा, वर्तमानपत्रं लावणारा, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काढून देणारा तोच एक माणूस. त्याच्या हातात काय पडतं हे न विचारता त्याच्या डोक्यावर हेडसेट चढवणं हा सरळसरळ अपमान आहे.

यंत्रांचा पैसा आधी त्याच्या पगारात घाला. दुरून शिकवायचंच असेल तर मराठीत शिकवा, साध्या फोनवर उतरवून घेता येईल आणि रेंज नसतानाही पुन्हा बघता येईल असं. मग एक दिवस स्वतः गावात या. कपाट उघडा, धूळ झटका, आणि पुस्तकाला क्रमांक कसा द्यायचा ते पुस्तक हातात घेऊन त्याच्याशेजारी बसून दाखवा.