मार्चमध्ये उतरणारे तंबू

"इतक्या घाईत निवारा कसा उभारणार?" हा प्रश्न मी सरकारी बैठकांतून इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचा राग येतो. दिल्लीचा २०१० चा जानेवारी सर्वांच्याच विस्मरणात गेलेला दिसतो. डिसेंबर २००९ मध्ये महापालिकेने पुसा रोडवरील बेघरांचा तात्पुरता तंबू ऐन थंडीत काढून टाकला. वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही आदेश दिले. आणि ज्या यंत्रणेला वर्षानुवर्षे जागा मिळत नव्हती, तिला काही दिवसांतच जागाही मिळाल्या आणि तंबूही!

म्हणजे घाई आपल्याला उत्तम जमते. पण दिल्लीचा हिवाळी आराखडा साधारणतः १५ नोव्हेंबर ते १५ मार्च इतकाच चालतो. पुढे तंबू उतरतात. मेमधील ऊन आणि ऑगस्टमधील पाऊस या आराखड्यात बसत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे ९.३८ लाख बेघर मोजले गेले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने लाख लोकवस्तीमागे एक, बारमाही, चोवीस तासांचा निवारा असे प्रमाण ठरवले होते. निकष चांगलेच होते.

माझा खरा आक्षेप जागेच्या निवडीबद्दल आहे. जुन्या दिल्लीत हातगाडी ओढणारा, आझादपूर मंडईत रात्री माल उतरवणारा मजूर कामाच्या जागेजवळच झोपतो, कारण पहाटेचे काम हुकले की दिवसाची मजुरी बुडते. त्याला दहा किलोमीटरवर खाट दिली तर येण्याजाण्याचा खर्च त्याने कशातून भागवावा? शिवाय त्याचे गाठोडे ठेवायला कुलपाची पेटी नाही. मग खाटा रिकाम्या राहतात आणि नस्तीवर शेरा पडतो: "मागणी नाही." अर्थशास्त्र शिकूनही असा शेरा एकदा मी स्वतः मारला आहे. मागणी होती, किंमत परवडत नव्हती, एवढे साधे मला तेव्हा सुचले नाही.

बरे, योग्य जागी उभा राहिलेला निवारा तरी टिकतो का? फेब्रुवारी २०२३ मध्ये सराय काले खाँ येथील निवारा पाडण्यात आला. तेव्हा घाई कशी जमणार, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यापुढे मंजुरीच्या प्रस्तावात दोन रकाने सक्तीचे करावेत: जवळचा मजूर नाका किती अंतरावर आहे, आणि शिधापत्रिका व बँक खाते काढून देणारा माणूस तेथे कोण बसणार. ते कोरे असतील तर नस्ती परत पाठवावी.