धर्मादाय खाते

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवर नवी वही उघडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, 'श्री' लिहायची, आणि मग एकेक खाते मांडायचे. त्यांत एक खाते धर्मादायाचे असे. मौज अशी, की हा पैसा पुष्कळदा शेठजींच्या खिशातून येतच नसे. गिऱ्हाइकाच्या बिलातून तो पै-पैने कापलेला असे आणि वर्षभर शेठजींच्याच धंद्यात फिरे. पांजरपोळातल्या गाईपर्यंत त्यातला किती पोहोचे, ते त्या गाईलाच ठाऊक! सगळेच व्यापारी असे नव्हते, हे उघड आहे. पण धनाढ्य राष्ट्रांच्या वह्या चाळताना मला त्या शेठजींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली ठराव केला, की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे ७० पैसे गरीब देशांच्या विकासासाठी द्यावेत. मुदत होती त्या दशकाच्या मध्यापर्यंतची. अर्धे शतक उलटले. २०२४ साली या दात्यांनी सगळे मिळून दिले ३३ पैसे! ७० चा आकडा गाठणारे देश चारच निघाले : नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क.

आता वहीचे दुसरे पान उलटा. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोच्या राष्ट्रांची बैठक भरली आणि शंभरातले पाच रुपये संरक्षणासाठी काढण्याचे, २०३५ पर्यंतचे वचन त्यांनी दोन दिवसांत देऊन टाकले. साडेतीन रुपये खुद्द सैन्याला, दीड रुपया पूल, रस्ते वगैरे अनुषंगिक कामांना. कुरकुर केली ती काय मुख्यतः स्पेनने. सत्तर पैशांसाठी पन्नास वर्षे ज्यांचा हात आखडतो, त्यांना पाच रुपये मोजायला दोन दिवस पुरतात. तेव्हा पैसा नाही, ही सबब तरी आता कोणी सांगू नये.

इंग्लंडची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ७० पैसे देण्याचा त्यांनी २०१५ साली चक्क कायदा केला. कायदाही मोठा सोयीस्कर! वचन मोडले तर मंत्र्याने पार्लमेंटपुढे कारण सांगावे, एवढीच शिक्षा. २०२१ साली ७० चे ५० झाले. त्यातही गंमत पाहा. निर्वासितांना स्वतःच्या देशात पहिले वर्षभर पोसण्याचा खर्च परदेशी मदत म्हणून मांडण्याची मुभा नियमांत आहे. निर्वासितांना आसरा द्यायलाच हवा. परंतु २०२३ साली ब्रिटिश मदतीचा चौथा हिस्सा आणि वर थोडा असा घरच्या घरीच खर्च झाला, त्यात हॉटेलांची बिलेही आली. गाय पांजरपोळात आणि चारा पेढीवर! पुढे २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केले, की २०२७ पर्यंत मदत ३० पैशांवर आणू आणि तो पैसा संरक्षणाला देऊ. एका खात्यातून काढला, दुसऱ्यात भरला. इतका सरळ जमाखर्च सरकारे सहसा दाखवीत नाहीत.

कोणी म्हणेल, मदत कधी निर्मळ होती? नव्हतीच. अमेरिकेच्या पी. एल. ४८० खालचा गहू ज्यांनी रेशनच्या रांगेत घेतला, ७२ च्या दुष्काळात ज्यांनी मिलोच्या लाल भाकऱ्या नाक मुरडत खाल्ल्या, त्यांना हे शिकवायला नको. १९६६ च्या सुमारास अध्यक्ष जॉन्सन गव्हाच्या बोटी मोजून मोजून सोडीत, कारण आपले शेतीचे धोरण त्यांना बदलून हवे होते आणि व्हिएतनामवरची आपली टीका त्यांना झोंबत होती. तो अपमान होताच. पण ती भाकरी पोटात गेली, हेही खरे. आफ्रिकेत २००३ पासून अमेरिकेच्या पैशाने एड्सची औषधे गेली. त्यातून अडीच कोटी जीव वाचले, असा अमेरिकी सरकारचाच हिशेब. ही मदत पोहोचविण्यात ज्या खात्याचा मोठा वाटा होता, ते यू. एस. एड १ जुलै २०२५ रोजी बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ साली, त्या देशाचा लष्करी खर्च होता ९९७ अब्ज डॉलर.

आणि रशियाने युक्रेनवर केलेली चढाई? ती खोटी नाही; शेजाऱ्याच्या घरात दरोडा पडला तर आपण कडी घट्ट करणारच. पण कडीचे पैसे नेमके दाराशी आलेल्या भुकेल्याच्या ताटातूनच का काढायचे? इंग्लंडच्या विकासमंत्री ॲनलीझ डॉड्स यांनी हेच विचारले. संरक्षणाचा खर्च वाढावा, हे त्यांनाही मान्य होते. मदतीला थोडी कात्री लागेल, हेही त्यांनी गृहीत धरले होते. सगळा बोजा एकट्या मदतीवर पडेल, हे मात्र त्यांना पटले नाही. घोषणेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी लगेच दुसऱ्या मंत्री आल्या आणि वहीतला आकडा ३० पैशांवरच राहिला.