जुळ्यांचे पेढे आणि काचेची पेटी

आपल्या घरांत आयव्हीएफचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. हे जायज आहे की नाही? मौलाना काय म्हणतात? या प्रश्नाचं उत्तर बरंच जुनं आहे. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये जन्मली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 1980 मध्ये, इजिप्तच्या अल-अझहरने फतवा दिला की स्त्रीबीज आणि वीर्य निकाहात असलेल्या पती-पत्नीचंच असेल तर हा उपचार घ्यायला हरकत नाही. तिसऱ्या व्यक्तीचं बीज सुन्नी उलेमांनी नाकारलं, इराणमधल्या शिया विद्वानांपैकी काहींनी पुढे त्यालाही वाट करून दिली. ज्याला त्या अंगाने विचार करायचा आहे त्याने जरूर करावा. माझी तक्रार वेगळी आहे. जायज-नाजायजचा निकाल लागला की आपण पुढचा एकही प्रश्न विचारत नाही. गर्भपिशवीत किती भ्रूण सोडणार? बाईच्या तब्येतीला काय धोका? बाळ कितव्या महिन्यात होईल? हे सगळं ‘डॉक्टरांना माहीत’ आणि ‘अल्लाह मालिक’ या दोन वाक्यांत संपतं.

आणि जुळी झाली की पेढे दुप्पट वाटले जातात. एका खर्चात दोन मुलं, कुटुंब एकदमच पूर्ण. या आनंदात मला मीठ कालवायचं नाही. पण प्रसूतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात जुळं गर्भारपण जोखमीच्या प्रकरणातच सापडतं. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. आईला रक्तदाब वाढण्याचा, पंडुरोगाचा, बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होण्याचा धोका एकट्या बाळापेक्षा बराच अधिक. तिळी असतील तर सरासरी बाळंतपण 32 आठवड्यांच्या आसपास, म्हणजे आठव्या महिन्यातच होतं.

माझ्या मामेबहिणीची हकीकत तिची परवानगी घेऊन सांगतो. निकाहाला सात वर्षं झाली होती. सासरी टोमणे होते, दीराच्या लग्नात तिला पुढे येऊ दिलं नव्हतं आणि ‘दुसरा निकाह’ हे शब्द घरात उघडपणे बोलले जात होते. शेवटी एका शहरातल्या खासगी सेंटरमध्ये पॅकेज घेतलं, त्यासाठी तिचे दागिने मोडले. भ्रूण सोडायच्या दिवशी, ती टेबलावर झोपलेली असताना, तिला विचारलं गेलं की दोन सोडायचे ना? बाहेर सासूबाई म्हणत होत्या, ‘दोन सोडा डॉक्टर, एखादं तरी टिकेल.’ दोन्ही टिकली. तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. मुलगा आणि मुलगी, दोघांची वजनं सव्वा किलोच्या आतबाहेर. दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा नवव्या दिवशी गेला. मुलगी 41 दिवसांनी घरी आली, आज ती पाच वर्षांची आहे आणि शाळेत जाते. दागिन्यांनंतर अर्धा एकर रान विकावं लागलं ते वेगळंच. त्या घरात आजही कोणी म्हणत नाही की एक भ्रूण सोडला असता तर काय झालं असतं. ‘त्याचं आयुष्य तेवढंच होतं’ असं म्हणतात. आयुष्य कोणाच्या हातात आहे हा श्रद्धेचा भाग झाला. गर्भपिशवीत किती भ्रूण सोडायचे हे मात्र त्या दिवशी त्या खोलीत माणसंच ठरवत होती.

एक सोडला तर मूल राहण्याची शक्यता अर्धी होते, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज. तो तपासून पाहिला गेला आहे. 2004 मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या 661 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या 36 वर्षांखालच्या. निम्म्या जणींना एकदम दोन भ्रूण दिले. उरलेल्यांना आधी एक, आणि तो नाही रुजला तर गोठवून ठेवलेला दुसरा पुढच्या खेपेला दिला. पहिल्या गटात 42.9 टक्के स्त्रियांना मूल झालं, दुसऱ्या गटात 38.8 टक्के. फरक इतकाच. पण जुळ्यांचं प्रमाण बघा: पहिल्या गटातल्या बाळंतपणांपैकी 33.1 टक्के, दुसऱ्या गटात 0.8 टक्के. तेच दोन भ्रूण, फक्त एकामागून एक. एका महिन्याची सबुरी आणि काचेची पेटी जवळजवळ टळते.

हे आकडे समोर ठेवून काही देशांनी धोरण बदललं. बेल्जियमने 2003 मध्ये सौदाच केला: सहा खेपांचा प्रयोगशाळेचा खर्च सरकारी विमा उचलेल, पण 36 वर्षांखालच्या स्त्रीला पहिल्या खेपेस एकच भ्रूण. नवजात विभागात जो पैसा वाचला त्यातून उपचारांचा पैसा निघाला. ब्रिटनमध्ये आयव्हीएफमधून होणाऱ्या जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण 2008 च्या सुमारास 24 टक्क्यांच्या आसपास होतं, नियामक संस्थेने सेंटरांच्या मागे लागून ते 2019 पर्यंत 6 टक्क्यांवर आणलं. गर्भधारणेचं प्रमाण या काळात घटलं नाही.

आयव्हीएफपर्यंत सगळेच पोचत नाहीत. आपल्यातल्या बहुतेक जोडप्यांचा उपचार गोळ्या आणि इंजेक्शनांपाशीच असतो, आणि तिथला धोका वेगळ्या जातीचा आहे. आयव्हीएफमध्ये किती भ्रूण सोडायचे हे निदान मोजता येतं. बीजं तयार होण्याच्या गोळ्यांनी एका महिन्यात दोन-तीन बीजं फुटली तर पुढे काय होईल यावर कोणाचा ताबा नसतो. क्लोमिफेनच्या गोळ्यांनी राहिलेल्या शंभर गर्भांमागे सात-आठ जुळी असतात. एरवी हे प्रमाण शंभरात एखादं. इंजेक्शनांनी ते आणखी वाढतं. म्हणून या गोळ्या घेताना दहाव्या-बाराव्या दिवसापासून सोनोग्राफी करून किती बीजं वाढली ते बघायचं असतं, आणि फारच वाढली असतील तर तो महिना सोडून द्यायचा असतो. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर, किंवा जाऊबाईला लागू पडल्या म्हणून तिच्याच गोळ्या आणून घेणं हे त्यामुळे गंभीर आहे. इंजेक्शनांचा अतिरेक झाला तर अंडाशय सुजतात, पोटात पाणी भरतं, लघवी कमी होते, धाप लागते. अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता सगळ्यात जास्त कुजबुजला जाणारा प्रश्न. अशी मुलं अधू निपजतात का? नाही, बहुतेक सगळी इतर मुलांसारखीच निरोगी असतात. पण ‘काही म्हणजे काहीच फरक नाही’ हे सेंटरच्या जाहिरातीतलं वाक्यही खरं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात तीन लाखांहून अधिक जन्मांची नोंद तपासून 2012 मध्ये निष्कर्ष मांडले गेले. वंध्यत्वाच्या उपचारांनंतर जन्मलेल्यांपैकी 8.3 टक्के मुलांत लहानमोठं काही जन्मजात व्यंग आढळलं, इतर मुलांत 5.8 टक्के. आईचं वय, आजार वगैरे हिशेबात धरल्यावर साध्या आयव्हीएफचा फरक जवळजवळ पुसला गेला. सुईने थेट बीजात शुक्राणू सोडण्याची जी इक्सी पद्धत आहे, तिच्यात तो उरला. तो पद्धतीमुळे की ज्या कारणाने इक्सी करावी लागली त्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण आहे. नॉर्वेत एकाच आईच्या मुलांची तुलना केली, एक उपचाराने झालेलं आणि दुसरं आपसूक झालेलं, तेव्हा वजनातला आणि दिवस भरण्यातला बराचसा फरक नाहीसा झाला. म्हणजे ज्या कारणाने मूल राहत नव्हतं तेच कारण पुढे गर्भारपणातही त्रास देतं.

इथून एक व्यवहाराची गोष्ट निघते. उपचाराने दिवस राहिले की गर्भ एकच असला तरी ते गर्भारपण जरा जास्त लक्ष देण्याचं आहे. रक्तदाब दर भेटीला, साखरेची तपासणी वेळेवर, पाचव्या महिन्यातली सविस्तर सोनोग्राफी न चुकता. गोठवलेला भ्रूण वापरला असेल तर रक्तदाबाकडे विशेष लक्ष हवं: चीनमध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर झालेल्या 2016 च्या अभ्यासात गोठवलेल्या भ्रूणांनी मूल होण्याचं प्रमाण वाढलं, अंडाशय सुजण्याचं खूप घटलं, पण गर्भारपणातल्या घातक रक्तदाबाचं 1.4 वरून 4.4 टक्क्यांवर गेलं. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायांना आणि चेहऱ्याला सूज आहे, हे ‘होतंच गरोदरपणात’ म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि मशेरी. आमच्या भागातल्या कित्येक भाभी-खाला अजूनही सकाळी मशेरी लावतात, त्यात तंबाखू आहे हे त्यांच्या लेखी नसतंच. लाखांचा उपचार करून राहिलेला गर्भ आणि रोजची मशेरी, या दोन गोष्टी एका घरात नांदतात.

नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांनी आणखी एक करावं. चुलत-मामे भावंडांचा निकाह असेल तर उपचार सुरू करण्याआधी दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता चारात एक असते, मग गर्भ आपसूक राहिलेला असो वा प्रयोगशाळेतला.

पुरुषांशी थोडं वेगळं बोलतो. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त, न दुखणारी, काही तासांत अहवाल देणारी तपासणी आहे. तरी आमच्याकडे बाईची दुर्बीण होते, नळ्या तपासल्या जातात, दोन वर्षं गोळ्या होतात, दर्ग्याला चादर चढते, आणि मियांची तपासणी सर्वात शेवटी, तीही घरी न सांगता. त्यात बाईचं वय निघून जातं. तिशीत जे सोप्या उपायाने झालं असतं ते चाळिशीत आयव्हीएफशिवाय होत नाही, आणि चाळिशीतलं गर्भारपण आई आणि बाळ दोघांना जड जातं. दुसऱ्या निकाहाची भाषा करणाऱ्यांनी आधी तो कागद आणून दाखवावा.

मूल लवकर झालंच तर? तरी हात टेकायचे नाहीत. कांगारूसारखं आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची पद्धत कमी वजनाच्या बाळांचे जीव वाचवते, तिला पैसा लागत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या नवजात शिशू कक्षात उपचार मोफत आहेत, खासगीत पैसे संपेपर्यंत थांबून मग तिकडे धावण्याची गरज नाही. आणि डोळे! 34 आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर जन्मानंतर 30 दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. डिस्चार्जच्या घाईत ती राहून जाते. वेळेत सापडलं तर लेझरने दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. मामेबहिणीच्या मुलीची तपासणी एका परिचारिकेने आठवण केली म्हणून झाली आणि लेझर वेळेत मिळालं.

कायदा आहे. 2021 च्या कायद्याने सेंटरची नोंदणी सक्तीची झाली, उपचारासाठी स्त्रीचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 ठरलं, लिंगनिवडीला मनाई झाली. त्याआधी, 2019 मध्ये, आंध्र प्रदेशात सत्तरी ओलांडलेल्या बाईने आयव्हीएफने जुळ्यांना जन्म दिला आणि वर्तमानपत्रांनी तो विक्रम म्हणून छापला होता. तुम्ही सेंटरमध्ये जाल तेव्हा नोंदणीचा क्रमांक बघा. ‘तुमच्याकडे शंभरातल्या किती जणींना दिवस राहतात’ हे सगळेच विचारतात, ‘किती जणी एक बाळ, पूर्ण दिवसांचं, घरी घेऊन जातात’ हे विचारा. किती भ्रूण सोडायचे ते टेबलावर जाण्याच्या कितीतरी आधी, नवरा-बायको दोघांनी समोर बसून ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. उपचार नकोच वाटले तर दत्तक घेण्याचा मार्गही आहे. 19 फेब्रुवारी 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते.

राहतो पैशाचा प्रश्न, आणि सासूबाई ‘दोन सोडा’ का म्हणाल्या त्याचं मूळ तिथेच आहे. दुसरी खेप परवडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. वंध्यत्वाचे उपचार आयुष्मान भारत योजनेत बसत नाहीत. गोव्याने बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं. महाराष्ट्रात प्रत्येक विभागातल्या एका तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय हवी, आणि बेल्जियमसारख्याच अटीवर हवी: खेपा सरकार देईल, भ्रूण एका वेळी एक. ही मागणी घेऊन आपल्या आमदारांकडे जायला कोणत्याही फतव्याची गरज नाही. पुढच्या अधिवेशनाच्या आधी आम्ही निवेदन तयार करतो आहोत. ज्यांना या उपचारांचा अनुभव आहे त्यांनी, नाव न सांगताही चालेल, झालेला खर्च, सोडलेल्या भ्रूणांची संख्या आणि बाळाचं जन्मवजन एवढ्या तीन गोष्टी आम्हाला लिहून कळवाव्यात.