पन्नास मैलांच्या आतली बाई

लहान स्टेशनचा विषय काढला की आपल्यातल्याच काहीजणी विचारतात, 'हा बाईचा प्रश्न कसा?' मला वाटतं, तो आपलाच आहे.

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर लाईन घ्या. लोक तिला 'पी. जे.' म्हणतात. अडीच फुटी रूळ, लांबी ५६ किलोमीटर, वाटेत शेंदुर्णी, पहूर अशी लहान स्टेशनं. १९१८-१९ च्या सुमारास ती सुरू झाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली, ती नॅरोगेजवर पुन्हा धावली नाही. आता रूळ रुंद करून लाईन बोदवडपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं आहे. रुंदीकरण हवंच. पण शेंदुर्णीच्या फलाटावर बाईसाठी काय असेल, हे कोण विचारणार?

कायदा काय सांगतो ते पाहू. १८९० च्या रेल्वे कायद्यात प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवण्याची सक्ती होती. त्यात संडास मात्र गाडी पन्नास मैलांपेक्षा जास्त जाणार असेल तरच! पी. जे. पुरती पस्तीस मैलांची. म्हणजे पाटी घेऊन बाजाराला निघालेली, दिवस भरत आलेली, पाळीच्या दिवसांतली बाई पन्नास मैलांच्या आत असेल तर तिला शरीरच नाही, असं गृहीत धरलेलं. १९८९ च्या नव्या कायद्यात तर 'कप्पा किंवा प्रशासनाला योग्य वाटतील तितक्या जागा' असं लिहिलं. सक्तीचा एक कप्पाही सैल झाला आणि संडासाचा उल्लेखच गळला.

कोणी म्हणेल, २०२३ पासून एस. टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे, मग रेल्वे कशाला? सवलत चांगलीच आहे. पण गर्दीच्या एस. टी.त भाजीची पाटी चढवून पाहा. शिवाय रेल्वेनं काय केलं? टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' म्हणून चालवल्या आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांची निम्म्या तिकिटाची सवलत मार्च २०२० मध्ये काढली, ती परत दिलेली नाही. रोज वीस रुपये वाचणं म्हणजे काय, हे मजुरीला जाणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

लाईन तोट्यात की फायद्यात, हे विकल्या गेलेल्या तिकिटांवरून ठरतं. घरात कोणाकडे पैसे न मागता माहेरी जाऊन आलेली बाई, पाचोऱ्याहून मोठी गाडी धरून जळगावच्या दवाखान्यात पोचलेली बाळंतीण, बाजारात स्वतःचा माल स्वतः विकलेली शेतमजूर, यांचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. बाईची गाडी हुकली की तिचा दिवस जातो. गाडीच नसली, तर घराबाहेर पडायचं कारणही हळूहळू जातं.

म्हणून माझं म्हणणं असं की, रुळांचं काम चालू असतानाच आपण निवेदनं द्यायला हवीत. एकदा फलाट बांधून झाला की 'आता बजेट नाही' हेच ऐकू येतं. जुने थांबे वगळू नका. गाडी बाजाराच्या आणि शाळा-कॉलेजच्या वेळेला सोडा. प्रत्येक थांब्यावर पाण्याची सोय असलेला, कुलूप न लागणारा संडास आणि रात्रभर दिवा द्या. जिथे रेल्वेचा नोकर नसतो त्या हॉल्टवर कमिशनवर तिकीटविक्री होते. ते काम गावातल्या बचत गटाला द्या, म्हणजे खिडकीमागेही बाई असेल.

आणि निवेदन लिहायच्या आधी गावोगावच्या बाया एकत्र बसवा. कोण कुठे जाते, किती वाजता, कशासाठी, डोक्यावर काय घेऊन, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. इंजिनिअरच्या नकाशात रूळ असतो, फलाटही असतो. त्यावर ताटकळत उभी असलेली बाई आपणच दाखवून द्यायची आहे.