कर्ता समुद्रावर असताना

कुलाब्याच्या नौदल वसाहतीतील एखादा नौसैनिक एडनच्या आखातातील गस्तीवर, जी भारतीय नौदल चाचेगिरीच्या बंदोबस्तासाठी 2008 पासून घालीत आले आहे, रवाना होतो, तेव्हा नौकेचा ठावठिकाणा वा परतीची तारीख यांची वाच्यता करण्याची मुभा त्यालाही नसते व त्याच्या पत्नीलाही नसते. आणि ज्या घरातील कर्ता पुरुष नेमका कोठे आहे हे सांगता येत नाही, त्या घराचा कारभार मात्र एक दिवसही तहकूब ठेवता येत नाही. बँकेला खातेदार समक्ष हवा असतो, गावाकडील जमिनीच्या फेरफाराची नोटीस मुदत घालूनच येते. म्हणून प्रस्थानापूर्वी कुलमुखत्यारपत्र करून ठेवणे हे निरोपाच्या औक्षणाइतकेच अगत्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे. तो गेल्यावर त्याला लिहिलेले पत्र ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ या एकाच पत्त्यावर टाकावे, मग नौका कोणत्याही सागरात असो. उत्तर मात्र सवडीने येणार, आणि मध्यरात्री मुलाचे अंग तापले तर कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवीत ज्या शेजारणीला हाक मारावी, तिचाही पती बहुधा दुसऱ्या नौकेवर असतो. या स्त्रियांचे एकमेकींना असलेले हे पाठबळ कोणत्याही सरकारी तरतुदीपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. पुढे नौसैनिक घरी परततो, तेव्हा धाकटे मूल त्याच्याकडे झेपावण्याऐवजी आईचा पदर धरते. अशा वेळी मधल्या काळात सारे निर्णय एकटीने निभावलेल्या त्या गृहिणीकडून घराचा अखत्यार एका दिवसात परत मागणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.