नांवाची पूजा आणि कामाची अवहेलना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या पूर्वार्धांत युरोपांत घडविलेल्या शिकारी रायफलींचा संग्रह करणारा एक रसिकवर्ग आज जगभर आहे. गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी आणि नजरेची उंची पाहून एकेक करून घडविलेल्या ह्या वस्तू. त्यांचा कोणी संग्रह केला तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. आमची तक्रार संग्रहाविरुद्ध नसून संग्राहकांच्या दृष्टीविरुद्ध आहे. रायफल हातीं आली कीं हे गृहस्थ प्रथम तिच्यावरचें नांव वाचतात, आणि तें लंडनच्या एखाद्या बड्या पेढीचें निघालें कीं पुढचें कांहींच पाहत नाहींत.

हें नांव म्हणजे तरी काय? जिम कॉर्बेट ह्यांची प्रसिद्ध रायफल घ्या. १९०७ मध्यें चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट ह्यांनीं ती त्यांस दिली, असा लेख तिच्या दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर आहे. नांव लंडनच्या रिग्बींचें. पण तिचें बोल्टचें यंत्र जर्मनींतील मौझरच्या धर्तीचें, आणि ‘.२७५ रिग्बी’ म्हणून मिरविणारें काडतूस तें जर्मनांचें सात मिलिमीटरचें मौझर काडतूसच, केवळ इंग्रजी नांव धारण केलेलें! ह्यांत रिग्बींनीं कोणास फसविलें, असें आमचें म्हणणें नाहीं. उत्तम यंत्र निवडून त्यास नळी व दस्ता ह्यांची जोड देणें आणि सर्वांचा मेळ बसविणें हें थोर कौशल्यच होय. परंतु बर्मिंगहॅमच्या कारागिरांनीं घडविलेल्या कित्येक बंदुका लंडनच्या नांवानें विकल्या गेल्या, हें ठाऊक असूनहि जो नुसत्या नांवापुढें हात जोडतो, त्यास रसिक कसें म्हणावें?

रसिकानें पाहावयाचें तें निराळेंच आहे. अक्रोडाचा ठोकळा वर्षानुवर्षें वाळवून दस्ता करावयास घेतला, म्हणजे कारागीर यंत्राच्या पोलादावर दिव्याची काजळी धरतो, तें लांकडांत दाबून पाहतो, आणि जेथें जेथें काळा डाग उमटेल तेथें तेथें पटाशीनें कणकण लांकूड काढतो. असें कितीदां तरी केल्यावर लांकूड व पोलाद ह्यांच्यामध्यें केसभरहि फट राहत नाहीं. दुनळी रायफलीचें काम तर ह्याहून बिकट. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र याव्या म्हणून गोळ्या झाडून पाहावयाच्या, तोंडाकडचा डांक वितळवावयाचा, मधली पाचर किंचित् सरकवावयाची, आणि पुन्हा झाडून पाहावयाचें. इतकें करूनहि विलायतच्या थंडींत साधलेला हा मेळ हिंदुस्थानच्या उन्हांत बिघडे; कारण उष्णतेनें कॉर्डाइटचा दाब वाढतो. म्हणून इकडच्यासाठीं कमी दारूचीं काडतुसें निराळीं भरीत. ज्या माणसानें हा मेळ साधला, त्याचें नांव नळीवर कोठेंहि नाहीं! ऑस्ट्रियांतील फेर्लाख, जर्मनींतील झूल ह्या गांवांच्या लहान लहान कारखान्यांत छऱ्याच्या दोन नळ्यांखालीं गोळीची तिसरी नळी बसवून ज्यांनीं ‘ड्रिलिंग’ घडविल्या, त्यांच्या कामाकडे आमचे नामपूजक ढुंकूनहि पाहत नाहींत.

ह्या पूजेचें दुसरें फळ अधिक कडू आहे. नांव मोठें असलें कीं वस्तु नव्यासारखी चकाकली पाहिजे, असा हट्ट उत्पन्न होतो. मग जुनें पोलाद घासून त्यावर नवी निळी झांक चढवितात; लांकूड कागदानें घासून गुळगुळीत करितात. परिणाम काय? नक्षीच्या धारा बोथट होतात, नळीची परीक्षा झाल्याच्या खुणा पुसट होतात, आणि केसभर फट नसलेला तो दस्ता पोलादाहून खालीं बसतो. हाडांच्या कोळशांत तापवून पोलादावर आणलेले निळे-तपकिरी रंग एकदां गेले ते गेले. आमच्याकडील एखाद्या गृहस्थानें घरचा ताम्रपट चिंचेनें घासघासून लखलखीत केला आणि अक्षरें गेल्यावर ‘पाहा कसा नवा दिसतो!’ म्हणून मिरविला, तर त्यास आपण काय म्हणूं?

कोणी म्हणेल, हीं हिंसेचीं साधनें. त्यांचें कौतुक कशाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें इकडे शिकारीचें युग संपविलें, तें योग्यच झालें. पण वस्तुसंग्रहालयांतील तलवारीचें पाणी वाखाणणारा कोणी रणाची इच्छा करीत नसतो. दुसरा म्हणेल, नांव हीच हमी. ज्यास स्वतः पारख नाहीं त्यानें हमी अवश्य मागावी. मात्र त्यानें स्वतःस पारखी म्हणवूं नये.

हा वाद आमच्यापासून दूरचा नाहीं. अशा रायफली इकडेहि पुष्कळ आल्या. शस्त्र-कायद्यास २०१९ मध्यें दुरुस्ती होऊन सामान्य परवानेदारास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवण्याची मुभा उरली. ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळच्या दोहोंहून अधिक होत्या, त्यांस कोणती ठेवावी व कोणती द्यावी हें ठरवावें लागलें. तो निवाडा केवळ नांवावरून झाला असेल, तर कोणा अनामिकाच्या हातचें उत्तम काम बड्या नांवाच्या सामान्य कामापायीं घराबाहेर गेलें असेल.

म्हणून संग्राहकांस आमचें एवढेंच सांगणें आहे: घासणें थांबवा. जाणत्या माणसाकडून दस्ता उतरवून घ्या आणि नळीची खालची बाजू पाहा. तेथें पुष्कळदां कारागिराच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें ठोकलेलीं आढळतात. नांव वाचण्याची हौसच असेल, तर आधीं तें वाचा.